गाडीतले गाणे आणि मनाचा लगाम

गाडी चालवताना गाणे कसे लावावे, हा प्रश्न वरवर पाहता मेकॅनिकचा किंवा वाहतूक पोलिसांचा वाटतो. माझ्या मते तो मुळात मनाविषयीचा प्रश्न आहे आणि आपल्या परंपरेत त्यावर पुष्कळ विचार झालेला आहे. कठोपनिषदात यम नचिकेताला देहाची ओळख रथाच्या रूपकातून करून देतो. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय म्हणजे त्या घोड्यांच्या वाटा. कीर्तन-प्रवचनांतून या रूपकाचा अर्थ बहुधा इंद्रियांना आवरा, निग्रह करा, असा सांगितला जातो. तो बरोबरच आहे, पण त्यातली एक साधी गोष्ट नजरेतून सुटते. लगाम घोडे सुटण्यापूर्वी चढवावा लागतो. भरधाव रथात तो बांधता येत नाही. संयमाचा मोठा भाग ऐन क्षणीच्या निग्रहात नसून आधी करून ठेवलेल्या व्यवस्थेत असतो, असे मला मांडायचे आहे. गाडीत संगीताचे यंत्र नीट बसवणे आणि त्याचा ताबा बोटाखाली आणून ठेवणे हे अशा संयमाचे आजच्या जगण्यातले स्वच्छ उदाहरण आहे.

गाडीत संगीत येऊन नव्वदहून अधिक वर्षे झाली. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी मोटोरोला नावाचा गाडीतला रेडिओ 1930 मध्ये विकायला काढला. फिलिप्सची कॅसेट 1963 मध्ये आली आणि पुढे तिने जगभरच्या गाड्यांत घर केले. या साऱ्या काळात चालकापुढे निवड अशी फार नव्हती. रेडिओवर लागेल ते ऐकायचे, कॅसेट एकदा आत सरकवली की अर्धा-पाऊण तास तिची एक बाजू ऐकायची. ऑक्टोबर 2001 मध्ये ॲपलने आयपॉड आणला आणि 5 गिगाबाइटच्या डिस्कवर एक हजार गाणी खिशात मावू लागली. प्रश्नाचे स्वरूप पालटले ते इथे. गाडीत ऐकण्याच्या जोडीला शोधणे आले. हे यंत्र गाडीसाठी बनलेले नव्हते, म्हणून लोकांनी ते मांडीवर, शेजारच्या सीटवर, गिअरजवळच्या खळग्यात ठेवले. कोणी कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर घालून त्याची वायर लोंबकळत ठेवली, कोणी छोटा एफएम ट्रान्समीटर लावला आणि शहर बदलले की रिकामी फ्रिक्वेन्सी शोधत बसला. 2004 मध्ये बीएमडब्ल्यूने ॲपलच्या सहकार्याने वेगळी सोय दिली. यंत्र डॅशबोर्डच्या कप्प्यात बंद राहायचे आणि त्याचा ताबा स्टिअरिंगवरच्या बटणांकडे यायचा. या सोयीचे तात्त्विक मोल मला मोठे वाटते. हजार गाण्यांचा मोह नजरेआड गेला आणि आवाज वाढवणे, कमी करणे, पुढचे गाणे लावणे एवढ्याच क्रिया बोटापाशी उरल्या.

या मोहाचे खरे बळ कळण्यासाठी मनाची घडण पाहावी लागते. न्यायदर्शनात गौतमाने मन हे अणुरूप मानले. डोळे, कान, त्वचा ही इंद्रिये आपापल्या विषयांशी एकाच वेळी भिडलेली असली तरी एका क्षणी एकच ज्ञान उपजते; त्यावरूनच मन नावाचे वेगळे साधन आहे असे नैयायिक सिद्ध करतात. मग दोन गोष्टी एकदमच कळल्यासारखे का वाटते? त्यांचा दाखला पेटते कोलीत गरगर फिरवण्याचा आहे. ठिणगी एका वेळी एकाच जागी असते, पण वेगामुळे अग्नीचे अखंड कडे दिसते. मनही असेच इकडून तिकडे धावते आणि त्या धावेलाच आपण ‘दोन्हींकडे लक्ष’ म्हणतो. आधुनिक प्रयोगही याच दिशेला बोट दाखवतात. कॅलगरी विद्यापीठात तरुण चालकांना कृत्रिम गाडीत बसवून आयपॉड हाताळायला दिला गेला आणि त्यांच्यासमोर अचानक पादचारी येणे, पुढच्या गाडीने ब्रेक दाबणे असे प्रसंग उभे केले गेले. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. लांब यादीतून एक ठरावीक गाणे शोधताना चालकांचा प्रतिसाद मंदावला आणि टकरी वाढल्या. अनेक सत्रांच्या सरावाने ही उणीव थोडी कमी झाली, पण गेली नाही. सरावलेले मनही एका वेळी एकाच जागी होते.

याचे रस्त्यावरचे माप काढणे अवघड नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागाने 2013 मध्ये गाडीतल्या पडद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. एका वेळी नजर रस्त्यावरून 2 सेकंदांहून अधिक हटू नये आणि संपूर्ण काम मिळून 12 सेकंदांपेक्षा जास्त नजर त्यात जाऊ नये, अशी त्यांची मर्यादा आहे. दोन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे 55 मीटर पुढे जाते. ते अंतर गाडीने सारथ्याविना कापलेले असते. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने गाडी चालवताना हातात धरून संपर्कसाधन वापरणे धोकादायक चालवण्यात गणले आहे. कायदा हातापर्यंत पोहोचला, मनापर्यंत तो पोहोचू शकत नाही. तिथे ज्याची त्यालाच व्यवस्था करावी लागते.

ही व्यवस्था दिसायला किरकोळ असते. आपल्या गाड्यांत चालक उजवीकडे बसतो, म्हणून यंत्राची जागा डाव्या हाताला, खांदा न वळवता बोट पोचेल अशी हवी. ते काचेवर दृष्टीच्या आड येऊ नये आणि एअरबॅगच्या झाकणावर तर कधीच चिकटवू नये. वायर गिअरच्या दांड्याभोवती किंवा पायाशी न लोंबता पॅनलच्या आतून नेलेली असावी. चार्जिंग आणि ऑक्स एकदम जोडले की पुष्कळदा इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून येते. ग्राउंड लूप आयसोलेटर लावून ती घालवावी, नाहीतर हात पुन्हा पुन्हा आवाजाच्या बटणाकडे जातो. बोटाला चाचपून कळणारे बटण हे गुळगुळीत पडद्यापेक्षा बरे, कारण पडद्याला प्रत्येक वेळी डोळे द्यावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाण्यांची यादी गाडी सुरू करण्यापूर्वी ठरवलेली असावी. आपल्या घरात पूजेला बसण्याआधी ताम्हण, पळी, फुले, गंध, निरांजन सारे हाताशी मांडून घेतात, ते याच समजुतीने. मध्येच उठावे लागले तर पूजा मोडते हे घरातल्या थोरांना ठाऊक असते, आणि ही मांडणी पूजेचाच भाग मानली जाते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सारे सुताराचे आणि वायरमनचे काम झाले, नीतीशी त्याचा संबंध काय? नीती अंतःकरणात असते; ज्याचे मन ताब्यात आहे त्याला गाडीत काय कुठे ठेवले आहे याने फरक पडू नये. ऐकायला हे उंच वाटते, पण आपले ग्रंथ इतके हवेत बोलत नाहीत. गीतेच्या सहाव्या अध्यायात मन एकाग्र करण्याचा उपदेश येण्याआधी आसनाची जागा येते. ती शुद्ध असावी, फार उंच नको, फार सखल नको, खाली दर्भ, वर मृगाजिन, त्यावर वस्त्र. ज्ञानेश्वरांनी तर त्या स्थानाचे वर्णन मोठ्या विस्ताराने आणि प्रेमाने केले आहे. योग्याच्या मनाला जागेची गरज आहे असे जिथे धरले आहे, तिथे घाटातून गाडी नेणाऱ्या आपल्यासारख्यांनी मांडणीला तुच्छ लेखणे हा अहंकार होय. शिवाय इथे प्रश्न केवळ स्वतःच्या साधनेचा नाही. पतंजलीने योगाच्या आठ अंगांत यम पहिले घेतले आणि यमांत अहिंसा पहिली. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला चालकाच्या अंतःकरणाची शुद्धता वाचवत नाही. त्याला वाचवते रस्त्यावर असलेली नजर, आणि ती तिथे टिकावी म्हणून आधी केलेली व्यवस्था.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावणारा आहे. मन एका वेळी एकच काम करते हे सर्वांना मान्य नाही. सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने बुद्धी, अहंकार, मन आणि इंद्रिय यांचे व्यापार क्रमाने तसेच एकदमही होतात असे म्हटले आहे. विचारणाऱ्या अनेकांच्या गोष्टी एकदम ध्यानात धरून दाखवण्याची, म्हणजे अवधानाची, परंपरा तर डोळ्यांपुढे आहे. श्रीमद् राजचंद्रांनी 1887 मध्ये मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधान करून दाखवले होते. पण नीट पाहिले तर या दोन्ही गोष्टी माझ्या म्हणण्याच्या आड येत नाहीत. सांख्यांचे एकदम चालणारे व्यापार एकाच विषयाभोवतीचे आहेत. अंधारात वीज चमकून वाघ दिसला की पाहणे, ओळखणे आणि पळण्याचा निश्चय एका झटक्यात होतो, असा दाखला टीकाकार देतात. एक डोळा वाघावर आणि दुसरा गाण्यांच्या यादीवर, असे ते म्हणत नाहीत. अवधानी स्थिर बसलेला असतो. विचारणारे थांबतात आणि तो स्मृतीच्या बळावर एकेक धागा पुन्हा उचलतो. रस्ता कोणासाठी थांबत नाही. आणि राजचंद्रांनीही पुढे आत्मसाधनेत अडथळा म्हणून हे प्रयोग सोडून दिले, हे विसरू नये.

तिसरा आक्षेप उलट बाजूने येतो. मन जर असे एकमार्गी आहे, तर गाडीत गाणे हवेच कशाला? ते बंदच करावे. या आक्षेपात तथ्य आहे आणि काही प्रसंगी तोच खरा सल्ला ठरतो. दाट धुके, पावसाळ्यातला घाट, शाळा सुटण्याची वेळ, अनोळखी शहर, इथे संगीत बंद असणेच योग्य. परंतु ऐकणे आणि शोधणे यांत मोठे अंतर आहे. सुरू असलेले गाणे लक्ष मागत नाही. रस्त्याने बोलावले की मन त्याला सहज सोडून देते आणि गाण्याची तक्रार नसते. शोधणे मात्र संकल्प असते, आणि संकल्प पुरा होईपर्यंत मन त्याला धरून राहते. धोका आहे तो संकल्पात. याचा दुसरा अर्थही प्रामाणिकपणे स्वीकारायला हवा. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, पण चाकामागे बसून लावलेले भजन हे त्या अर्थाने श्रवण नव्हे. ते प्रवासाला मिळालेली सोबत आहे. पूर्ण श्रवणासाठी गाडी थांबवावी लागते.

आवाजाने आज्ञा देता येणाऱ्या यंत्रांमुळे हा प्रश्न सुटला, असेही सांगितले जाते. डोळे आणि हात मोकळे झाले हे खरे. मन मोकळे होत नाही. यंत्राला नाव न समजणे, पुन्हा सांगणे, चुकीचे गाणे लागल्यावर दुरुस्त करणे, यात संकल्प तसाच लांबत जातो. मग ठरावीक यादीच ऐकायची तर आपले स्वातंत्र्य कुठे राहिले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पंढरीच्या वाटेवर आहे. दिंडीतल्या भजनाचा क्रम परंपरेने ठरलेला असतो. पुढे काय म्हणायचे याचा शोध वाटेत कोणाला घ्यावा लागत नाही, म्हणूनच पाय, टाळ आणि मुख एकत्र चालू शकतात. त्या क्रमाने वारकऱ्याचा आनंद उणावला असे कोणी म्हणणार नाही. निवड आधी होऊन गेल्यामुळे तो आनंदासाठी मोकळा होतो. यादी करणे हाही स्वातंत्र्याचाच वापर आहे, फक्त तो उभ्या गाडीत करायचा आहे.

निग्रहावर आपण फार भार टाकतो आणि मांडणीवर फार कमी. मोह समोर ठेवायचा, हाताशी ठेवायचा आणि मग त्याला भुलू नये म्हणून मनाशी झगडायचे, या रीतीने माणूस थकतो आणि एखाद्या क्षणी हरतो. रस्त्यावर त्या क्षणाची किंमत बहुधा दुसरा कोणीतरी चुकती करतो. म्हणून गाडीत संगीत जरूर असू द्या, पण निघण्यापूर्वी पाच मिनिटे काढा. यंत्र पक्के बसवा, वायर आत घ्या, आवाज जुळवा, यादी ठरवा, आणि चाक फिरू लागल्यावर त्या यादीत बदल करायचा नाही हा नियम स्वतःला घाला. बदल हवाच असेल तर गाडी कडेला सुरक्षित उभी करा.