नक्कल आणि इमान

कुवेतचे राष्ट्रीय संग्रहालय इराकी फौजेने 1990 साली लुटले आणि 1991 साली माघार घेताना जाळले. मूळ वस्तू अशा नष्ट होतात, म्हणून नकलेलाही मोल असते.

मिसरातील रेखमिरेच्या कबरीत विटा पाडणारे मजूर रंगविलेले आहेत. नीना डेव्हिस यांनी ते चित्र हुबेहूब उतरविले. वल्हांडणाच्या दिवसांत ते पाहून 'हेच आपले पूर्वज' असे आपणांस म्हणावेसे वाटते. परंतु ते नूबिया व सीरियाकडील कैदी. 'इस्राएल' हे नाव तेथे नाही.

सोफेर सेफेर तोरा लिहिताना पदरचे एक अक्षरही घालीत नाही. चित्राखालच्या ओळीलाही तोच नियम हवा. परक्याचे कष्ट आपल्या नावावर न लावताही आपण हळहळू शकतो. गुलामीची आठवण आपणांस त्यासाठीच तर दिली आहे.