आज पारा किती?

डिसेंबर अर्धा सरला की बेंगळुरूत हेब्बाळच्या आमच्या गल्लीत मफलर दिसायला लागतात. वॉचमन माकडटोपी घालून खुर्चीत आखडून बसतो. अवरेकाईच्या शेंगांचे ढीग रस्त्याला येतात. थंडीत या शेंगेचा वास खुलतो, असं इथली माणसं सांगतात. फुलवाली शेवंतीची माळ हातावर मोजता मोजता म्हणते, "तुंबा चळी, अम्मा." फार थंडी. मोबाइल बघावा तर 16 अंश. मी निफाड तालुक्यातली. हसू येतं, पण मान डोलावते. 12 वर्षांत तेवढं शिकले आहे.

इथे खोबरेल तेलसुद्धा धड गोठत नाही. सकाळी बाटलीत खाली पांढरा साका, वर पातळ तेल, आणि दहा वाजेपर्यंत सगळं पुन्हा पाणी. घरी बाटली चुलीच्या वैलाशी ठेवल्याशिवाय माझी वेणी होत नसे.

बेंगळुरूच्या नोंदींतला सगळ्यात खालचा पारा 7.8 अंशांचा, तोही 13 जानेवारी 1884 चा. म्हणजे राणीच्या राज्यातला! आमच्याकडे 7.8 ला "आज जरा बरं आहे" म्हणतात. पेपरात "निफाडचा पारा" म्हणून जो आकडा येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. 2018 च्या डिसेंबरअखेर तो 1.8 वर आला होता. खरं तर बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर, निफाड त्याच्यापेक्षा कितीतरी खाली. पण निफाड सात अक्षांश उत्तरेला आहे. कोरडं वारं सरळ अंगावर येतं, आभाळ मोकळं असतं आणि दिवसा तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते. इथे डिसेंबरातही बंगालच्या उपसागरातलं एखादं वादळ ढग धाडून देतं, आणि ढग म्हणजे गोधडीच की.

लहानपणीची थंडी मला आठवते तीही गोधडीच्या आतून. पहाटे कधी जाग आली तर नानांचं अंथरूण रिकामं असे आणि दाराच्या फटीतून धुराचा वास येई. द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या असत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीतल्या काड्या बांधाला रचून ठेवलेल्या असत, त्या याच कामासाठी. वर ओला पाला टाकायचा, म्हणजे धूर होतो आणि बागेवर तरंगत राहतो. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट, म्हणून मोटर चालू करून तेही सोडायचं. लाइट असली तर.

मण्यात पाणी उतरायची वेळ आणि कडाक्याची थंडी, दोघांचा मुहूर्त एकच. फुगवण थांबते, मणी तडकतात. हिरव्या थॉमसनवर गुलाबी छटा आली तर दिसायला सुंदर, पण एक्स्पोर्टवाला तो घड हातात धरत नाही. शेजारच्या वावरातला गहू मात्र खुशीत. गव्हाला थंडी मानवते. बांधाच्या अलीकडे रात्रभर जागरण, पलीकडे माणसं निवांत.

मला त्या शेकोट्या म्हणजे सण वाटायचा. हरभऱ्याचे डहाळे उपटून आणायचे, निखाऱ्यावर हुळा भाजायचा आणि काळे ओठ घेऊन शाळेत जायचं. नानांचे डोळे लाल दिसत. ते धुरानं, अशी माझी समजूत.

हेब्बाळहून विमानतळ ओलांडून देवनहळ्ळी, चिक्कबळ्ळापूरकडे गेलं की बेंगळूर ब्ल्यूच्या बागा लागतात. काळी, जाड सालीची, बियांची द्राक्षं; जिभेला थोडी आंबट. (आमच्या द्राक्षांपुढे काही नाहीत, पण हे मी सांगितलं तर कोण ऐकणार?) इथल्या हवेत त्या वेलीवर वर्षाला दोन पिकं निघतात. आमच्याकडे छाटण्या दोन आणि पीक एकच. हे नानांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

"म्हणजे हिवाळा नाहीच का तिकडं?"

"नाहीच ना," मी तक्रारीच्या सुरात म्हटलं.

"मग लोक झोपत असतील रात्रीचे."

त्यानंतरही दर डिसेंबरात मी पहाटे फोन करतेच. आज पारा किती? आकडा जितका खाली, तितकी मी इथे खूश. मोठा आकडा आला की हिरमुसते. बाग आता भाऊ बघतो, पण पहाटेची शेकोटी अजून नानांकडेच आहे. दुसऱ्या कुणाला ओला पाला बेतानं टाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आज हेब्बाळच्या तळ्यावर धुकं होतं. पलीकडचा फ्लायओव्हर दिसत नव्हता, नुसते गाड्यांचे दिवे सरकत होते. गॅलरीतून फोन लावला.

"नाना, पारा किती?"

"चार असंल. थांब, धूर बसंना नीट."

फोन बंद करायचं ते विसरले. तिकडे काड्या तडतडत होत्या, मध्येच ते खोकत होते. मी तशीच ऐकत उभी राहिले, बिनस्वेटरची, अनवाणी.