गोठ्यातले पाहुणे

पाहुण्याकडून पैसे घ्यावेत की नाही, हा वाद आमच्या खांबच्या पट्ट्यात आता मिटल्यात जमा आहे. नागोठण्याहून सुकेळीची खिंड उतरलात की खांब लागतं, पुढं कोलाड. तिथं कुंडलिकेत राफ्टिंगला माणसं येतात, त्यांना राहायला जागा लागते. सरकारनंही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण काढलं. भातशेतीत खर्च वजा जाता हातात काय उरतं ते शेतकऱ्याला विचारा, म्हणजे तो खोल्या का बांधतो ते कळेल. पैसे घेण्यात मला पाप दिसत नाही. मला पडलेला प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हे पैसे कुणाचे?

आमच्याकडे पॉवर टिलर आला, बैल गेले, आणि गोठा रिकामा पडला. मुलानं कर्ज काढून त्याच गोठ्यात राहायची सोय केली. दगडी जोतं आणि सागाचे वासे तेच ठेवले. गव्हाणीच्या जागी पलंग आले, मागे संडास-बाथरूम झालं. पेंढा ठेवायच्या माळ्यावर नव्या फळ्या ठोकून गाद्या टाकल्या, चढायला जिना केला. पूर्वी व्याह्याला गोठ्यात निजवलं असतं तर सोयरीक मोडली असती. आता लोक आधी फोन करून गोठाच मागून घेतात.

गेल्या नाताळच्या सुट्टीत ठाण्याचं एक कुटुंब दोन रात्री राहिलं. आजी, आईवडील, दोन पोरं. पोरं माळ्यावरून खाली उतरायला तयार नव्हती. रात्री वालाच्या शेंगांची पोपटी लावली, भांबुर्डीच्या पाल्याचा वास अंगणभर सुटला. सकाळी मुलांचे वडील म्हणाले, "काका, अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती."

त्याच माळ्यावर आमचा गडी बावीस वर्षं निजला. गडी गोठ्यात निजायचा ही तेव्हाची रीतच होती. रात्री बैलांना वैरण घालायची, बिबट्या-चोराकडे लक्ष ठेवायचं, पहाटे शेण काढायचं. वर्षाचं ठरलेलं भात आणि एक घोंगडं, हा त्याचा पगार. आता तो म्हातारा झालाय, आदिवासी वाडीवर राहतो. त्या दिवशी तो सहज आला होता. पोरांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही पण इथं झोपायचात?"

"हो रं पोरा. पन गादी नव्हती. पेंढ्यात निजायचो, ढेकणं फुकट."

धाकट्यानं विचारलं, "मग तुम्ही किती पैसे द्यायचात?"

सगळे हसले, गडीही हसला. पोराचं काही चुकलं नव्हतं. त्यानं पाहिलं ते एवढंच, की इथं झोपायचे पैसे पडतात.

संध्याकाळी मी मुलाकडे विषय काढला. म्हटलं, पाहुण्यांच्या भाड्यातला काही हिस्सा गड्याचा असावा. मुलगा म्हणाला, "बाबा, कर्ज माझ्या नावावर, हप्ता मी भरतो. त्यांनी येऊन पाहुण्यांशी बोलावं, मी त्या दिवसाची हजेरी देतो." त्याचं म्हणणं वेडगळ नाही. पण हजेरी आणि हिस्सा यांत फरक आहे. हजेरी आजच्या कामाची असते. हिस्सा ज्याच्या हातून वस्तू घडली त्याचा असतो. पाहुणा काही बाथरूमसाठी येत नाही. बाथरूम हायवेच्या लॉजवर याहून चांगलं आणि स्वस्त मिळेल. तो येतो गोठ्यासाठी. आणि त्या गोठ्याला गोठेपण आलं ते बैलांमुळे आणि या माणसामुळे.

हा विचार काही मी नवा काढलेला नाही. आपला जिल्हा कुलाबा होता तेव्हा अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ संप केला. खोताची जमीन कसायचीच नाही म्हणाले, पोटाला चिमटा घेतला. पुढं कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक धरला गेला. आमच्यासारख्या कितीतरी घरांचा सातबारा त्या न्यायानं झाला. ज्यानं घाम गाळला त्याचा हक्क, हे आपण खोताला ऐकवलं. मग गड्यापाशी येऊन तोच न्याय का थांबावा?

यावर कोणी म्हणेल, सुट्टीला आलेल्या माणसाला हे सगळं कशाला सांगायचं? मला वाटतं, सांगावं. कुंडलिकेत सकाळी ज्या पाण्यावर राफ्ट उसळते, ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेलं असतं. ते वीजघर १९२७ पासून चालू आहे, आणि त्याला पाणी येतं मुळशीच्या धरणाचं. त्या धरणात जमिनी जाणार म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. हे कळलं म्हणून राफ्टिंगची मजा कमी होत नाही. पाणी कुठून आलं एवढं कळतं. माळ्याचंही तसंच. झोप पाहुण्याला लागावीच, पण तो माळा कुणाचा होता हे त्याला ठाऊक असावं.

मी मुलाला दहात एक सांगितलाय. रोजच्या भाड्यातले दहातला एक रुपया वेगळा काढायचा आणि महिन्याच्या महिन्याला वाडीवर पोचता करायचा. तो आला-न आला, पाहुण्यांशी बोलला-न बोलला, तरी. मुलगा म्हणतो, कर्ज फिटलं की बघू.

कर्ज फिटायला अजून सात वर्षं आहेत. गड्यानं सत्तरी केव्हाच ओलांडली आहे.