अधिकाऱ्याचा शब्द आणि रोग्याचा प्राण

आफ्रिका खंडांतील गांबिया देशाचे तत्कालीन अध्यक्ष याह्या जामे ह्यांनीं सन २००७ च्या जानेवारींत जाहीर केलें कीं, आपणांस वनस्पतींनीं एड्स रोग बरा करितां येतो. त्यांनीं रोग्यांचीं नेहमींचीं औषधें बंद करविलीं. हीं औषधें रोग समूळ घालवीत नाहींत, पण त्यास दाबून ठेवितात. तीं सुटलीं म्हणजे रोग पुन्हा बळावतो. कित्येक रोगी मरण पावले. वांचलेल्यांपैकीं तिघांनीं २०१८ सालीं जामे ह्यांच्यावर न्यायालयांत दावा लाविला.

कोणी म्हणेल, "त्यांचा स्वतःचा तसा विश्वास असेल, मग दोष कसला?" आमच्या मतें एवढ्यानें दोष फिटत नाहीं. ज्याच्या शब्दास दुर्बळ मनुष्य 'नाहीं' म्हणूं शकत नाहीं, त्यानें तो शब्द पारखल्यावांचून उच्चारूं नये.

उपदेशक बंधूंनो, खेड्यांत आपलाही शब्द असाच मानिला जातो. रोग्यासाठीं प्रार्थना अवश्य करावी. परंतु 'औषध सोड, केवळ विश्वास ठेव,' असें कदापि सांगूं नये. पौलाचा सोबती लूक हा वैद्यच होता. प्रार्थनेवरून उठून रोग्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावें. हीही प्रभूची सेवाच आहे.