नाव कुठं घालायचं?

“चोरी झाली म्हणतेस, तर चोरीला गेलं काय?” मामांनी रापी खाली न ठेवताच विचारलं. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात पुढं विक्री चालते, मागं काम.

मी कायदा शिकते, त्यामुळं उत्तर जिभेवर होतं. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या फॅशन शोत पुरुष मॉडेल आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले आणि कंपनीनं त्यांना नुसतं ‘चामड्याच्या सँडल’ म्हटलं. इकडं ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र धाडलं, तेव्हा कुठं प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचं कंपनीनं मान्य केलं.

“म्हणजे नाव चोरलं?”

“नाव घेतलंच नाही, हाच तर राग.”

“आणि घेतलं असतं तर?”

इथं माझा वेग कमी झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते राखण करतं नावाची. कान, वेणी, अंगठा, चपलेचा घाट, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. त्यावर आज कुणाला नव्यानं हक्क नोंदवता येत नाही. प्राडानं भारतात ती ‘कोल्हापुरी’ म्हणून परस्पर विकली असती तर कायद्यात सापडली असती. नाव गाळल्यावर कायद्याला फारसं बोलायला जागा उरली नाही. ज्यानं आपण दुखावलो, त्यानंच कंपनी सुटली.

“मग राग कशाचा ते तरी ठरव,” मामा म्हणाले. “चादरीचं बघ की. सोलापुरी चादरीलाबी तसलंच मानांकन हाय. तरी भलत्याच गावची चादर सोलापुरी म्हणून खपते. तिथं नाव आपलं, माल त्यांचा. इथं घाट आपला नेला आन् नाव आपल्यापाशीच सोडलं. जास्त वाईट कुठलं?”

“चादरीत गिऱ्हाईक फसतं. चपलेत कारागीर.”

“गिऱ्हाईक तिकडं गेलं की इथल्या विणकराचा माग थांबतोच की. तो फसला न्हाई व्हय?”

मी मानांकनाच्या मालकीकडं वळले. मुंबई उच्च न्यायालयात काही वकिलांनी प्राडाविरुद्ध जनहित याचिका केली होती. मानांकनाचे धनी तुम्ही नाही, या कारणानं जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. धनी आहेत महाराष्ट्राचं आणि कर्नाटकाचं चर्मोद्योग महामंडळ.

“म्हणजे धनी मीबी न्हाई,” मामा हसले. “आन् कोल्हापुरी तरी माझं नाव कुठं हाय? मी सोलापुरात बसतो. अथणीत करतात, निपाणीत करतात.” मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे चार जिल्हे आहेत, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. “चपलेला गावाचं नाव मिळालं. करणाऱ्याला जातीचं.”

हे ते वादी ओढता ओढता बोलून गेले. मला मात्र त्या महिन्यात ‘आपला वारसा’ म्हणून गळा काढणारे आठवले. त्यांच्यातल्या किती घरांनी चपला शिवणाऱ्याला कधी ओट्यावरून आत बोलावलं असेल?

“तिकडं नाव माणसाचं असतं, मामा,” असं म्हणत मी मोबाइलवर डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचे ‘आर्माडिलो’ बूट दाखवले. पॅरिस, २००९. फूटभर उंचीचे, खवल्या मांजरासारखे फुगीर. काही मॉडेलनी ते घालून चालायला नकार दिला. पुढं २०१५ मध्ये लिलावात तीन जोड जवळजवळ तीन लाख डॉलरला गेले.

“ह्यात चालता येत न्हाई?”

“फारसं नाही.”

“ह्यो लाकडाचा भाग कोरला कुणी?”

“इटलीतल्या कारागिरांनी.”

“त्यांची नावं?”

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं दोन्ही महामंडळांशी करार केला, हे सांगायचं राहिलंच होतं. दोन हजार जोड, इथल्याच कारागिरांच्या हातचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो. रुपयांत ऐंशी हजारांच्या वर. मामांनी आकडा दोनदा विचारून घेतला. मग पुढच्या फळीवरच्या जोडांकडं बघितलं. तिथं शेपन्नास रुपयांवरून घासाघीस चालते.

“तुमच्याकडं काम आलं तर करणार?”

“करीन की. न करून कुणाचा मान राहतो?”

“पण नाव? प्रत्येक जोडावर करणाऱ्याचं नाव हवं, अशी अट घाला.”

“कुठं घालू? तळाला घातलं तर रस्त्यावर घासणार. वर घातलं तर घालणाऱ्याच्या टाचेखाली. आपलं नाव आपल्याच हातानं कुणाच्या पायाखाली द्यायचं?”

“पट्ट्याच्या आतल्या बाजूला.”

“बरं, कुणाचं? कातडं कमावलं एकानं. तळ कापला मी. वेणी घातली तुझ्या मामीनं.”

“मामीचं घाला.”

“तिला विचार.”

मामी मागच्या खोलीत वेण्याच घालत होती. सगळं ऐकलं होतं तिनं. “नाव घाला न्हाईतर नका घालू,” ती आतूनच म्हणाली, “वेणीची मजुरी डझनावर धरणार का जोडावर, ते आधी विचारा त्यांना.”