‘सुमन’ हे नाव कोणाचे?

गतवर्षी एका बारशाच्या प्रसंगी आमच्या हातून एक प्रमाद घडला. इंदुरास कैक पिढ्यांचे वास्तव्य असलेल्या एका मराठी कुटुंबाने नातवाचे नाव ‘सुमन’ ठेवण्याचे योजिले होते. पाळण्यापाशी नाव उच्चारले जाताच आम्ही हसून म्हणालो, “हे तर मुलीचे नाव!” मंडळी हसली, बाळाच्या आईचा चेहरा मात्र उतरला. अर्धवट ज्ञानाच्या बळावर केलेला तो विनोद आम्हांस अद्याप बोचतो, म्हणून ह्या नावाचा थोडा विचार येथे मांडीत आहोत.

मराठीत सुमन म्हणजे फूल, आणि गायिका सुमन कल्याणपूर यांच्याप्रमाणे ते स्त्रियांचेच नाव, अशी आपली समजूत असते. परंतु उज्जयिनीच्या विक्रम विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविलेले हिंदी कवी शिवमंगल सिंह (१९१५–२००२) यांनी ‘सुमन’ हेच उपनाव धारण केले होते. बंगालातही हे नाव मुलग्यांना ठेवतात.

शब्दाच्या अर्थाविषयी दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ‘सु’ आणि ‘मनस्’ मिळून ‘सुमनस्’, म्हणजे ज्याचे मन चांगले, प्रसन्न आहे असा. अलेक्झांडरचा चिटणीस युमेनीस याचे ग्रीक नावही ह्याच अर्थाचे व ह्याच घडणीचे आहे. दुसरा पक्ष फुलाचा. अमरकोशात तर ह्या शब्दाच्या निरनिराळ्या रूपांनी देव, फूल, जाईची वेल आणि गहू, इतके अर्थ नोंदले आहेत. ज्याच्या योगे मन प्रसन्न होते ते सुमन, असे सांगून कित्येकांनी फुलाचा अर्थही मनाशीच जोडला आहे.

कालक्रम पाहता चांगल्या मनाचा अर्थ जुना ठरतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील विवाहसूक्तात हे विशेषण नववधूस लाविले आहे; कठोपनिषदात नचिकेता पहिल्या वराने आपला पिता शांत व ‘सुमना’ व्हावा असे मागतो. एके ठिकाणी स्त्री, दुसऱ्या ठिकाणी पुरुष. आणि संस्कृतात प्रथमेच्या एकवचनी दोघांचे रूप ‘सुमनाः’ असे एकच होते. म्हणजे आमच्या विनोदास व्याकरणाचाही आधार नव्हता.

पण जुना तोच अर्थ खरा, असे म्हणावे काय? तसे म्हटले तर फुलाचा अर्थ मनी धरून मुलींची नावे ठेवणाऱ्या आपल्या आजीपणजी चुकल्या असे होईल. घरोघरीच्या सुमनताई आणि सुमनमावशी ह्यांनी काही कोशाची संमती विचारली नव्हती. शब्दाचे मूळ शोधावे, त्यात ज्ञान आहे. परंतु त्या मुळावरून दुसऱ्याच्या नावावर हक्क सांगू नये. नाव हे मनुष्यास त्याच्या संमतीवाचून लाभलेले दान आहे. ज्याला उत्तर देता येत नाही अशा पाळण्यातील जीवाच्या नावास हसणे, हा विद्वत्तेचा नव्हे, मनाचा दोष होय.

महिन्याभराने आम्ही त्या घरी जाऊन क्षमा मागितली व अमरकोशातील अर्थ उत्साहाने सांगू लागलो. बाळाच्या आईने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्याच्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता, सुमन नावाचा. तो सातव्या वर्षी गेला. त्याचे नाव घरात पुन्हा हाक मारायला हवे, अशी मामंजींची इच्छा होती.”

त्या बाळाच्या नावाचे मूळ कोणत्याही कोशात नव्हते. ते एका वृद्धाच्या स्मरणात होते. नावाचा अर्थ विचारावयाचा तर प्रथम ते ठेवणाऱ्यास विचारावा, इतका धडा आम्ही त्या दिवशी घेतला.