टाळकऱ्यांच्या रांगेत

घोडेगाव हे नेवासे तालुक्यातलं एक गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो हाच परिसर. इथल्या गावांतली कितीतरी मुलं पहिल्यांदा गाण्यात उतरतात ती हरिनाम सप्ताहाच्या मांडवात. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या हातात कुणीतरी टाळ देतं आणि त्याला रांगेच्या टोकाला उभं करतं. शेजारच्या आजोबांच्या पायांकडे बघत ते पावली टाकतं, चुकतं, टाळ थांबवतं, लय सापडली की पुन्हा शिरतं. धृपद इतक्यांदा कानावरून जातं की पाठ कधी झालं ते कळतही नाही. यात शिस्त नाही असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सात दिवस पहाटे काकड्याला उठून पाहावं.

संगीताला वर्ग, पुस्तक आणि परीक्षा देणारे विष्णु दिगंबर पलुसकर हे कीर्तनकाराचेच पुत्र. पुढे मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गुरुगृही शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे यांनी घराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून छापल्या. गुरूच्या मर्जीवर अडकलेली विद्या त्यामुळे सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत पोचली. हे ऋण मोठं आहे. मात्र हळूहळू जे लिहिता येतं आणि तपासता येतं, तेवढंच शिक्षण मानलं जाऊ लागलं. वारकऱ्यांनाही शाळेची गरज वाटली. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली.

मांडवाचं कौतुक करताना जात्याचा विसर पडू नये. पहाटे दळताना आईसोबत, सासूसोबत बायका ओवी शिकत, आणि शिकता शिकता स्वतःची रचत. अभ्यासक गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, ते हवंच होतं. पण ओवी दळणाला बांधलेली होती. दळण घराबाहेर गेलं आणि ती शिकण्याची जागाही गेली. अनौपचारिक शिक्षण आपोआप टिकतं, हा समज मला म्हणूनच धोक्याचा वाटतो.

इंग्लंडमध्ये ल्यूसी ग्रीन यांनी पॉप आणि रॉक वादक कसे शिकतात याचा अभ्यास करून २००२ साली पुस्तक लिहिलं. मग तीच रीत शाळेत आणली: मुलांनी आवडीचं गाणं निवडायचं, मित्रांसोबत ऐकून ऐकून बसवायचं, शिक्षकानं आधी नुसतं बघायचं आणि नंतर हवी तेवढी मदत करायची. २००८ च्या त्यांच्या पुस्तकात हे प्रयोग आहेत. कानावरचा त्यांचा भर मला मनापासून पटतो. समवयस्कांचेच गट मात्र अपुरे वाटतात. मांडवात नातू आणि आजोबा एकाच अभंगात उभे असतात. पोराला त्याच्याहून थोडं जास्त येणारा माणूस हाताच्या अंतरावर सापडतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावण्याची तरतूद आहे. मग गावातल्या मृदंगवाल्या बुवांना आणि ओव्या येणाऱ्या आजीला वर्गात बोलवावं, मानधन द्यावं, आणि पहिले काही महिने मुलांकडून वहीत काहीही लिहून घेऊ नये.